एका घरात दोन चवी

कराडच्या अलीकडं, उसात बुडालेल्या त्या गावात फौजेतून पेन्शन घेऊन आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. तिकडं तो स्वयंपाकी होता की ड्रायव्हर, हे कोण विचारतंय! अशाच एका मेजरांची, गुंडा मेजरांची, बायको मनुबाई. भावकीत तिचं नाव होतं ते हाताच्या चवीसाठी. तिचा खर्डा, तिचं आंब्याचं लोणचं, तिच्या खारातल्या मिरच्या. लग्नकार्यात आचारी बोलावला तरी आमटीत मीठ टाकायला मनुबाईलाच हाक जायची. चाखायचीसुद्धा नाही, नुसत्या वासावर सांगायची, "आजून लागतंय."

आणि नेमकं हिच्याच वाट्याला अळणी यावं!

झालं असं, की मेजरांना बांधावर चक्कर आली. कराडला नेलं. दवाखान्यातल्या उत्कर्षा मॅडम वयानं तरण्या, पण बोलायला एकदम रोखठोक. दंडाला पट्टा गुंडाळून त्यांनी बीपी बघितलं, पुन्हा बघितलं आणि सुनावलं, "गोळी रोज घ्यायची. बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. तंबाखू बंद. सकाळी चालायला जायचं. आणि मीठ कमी करा, लोणचं-पापड विसरा. आधी जड जाईल, पण काही महिन्यांत जिभेला वळण लागतं. नाहीतर एक दिवस अर्धं अंग जाईल."

मॅडम 'कमी' म्हणाल्या, मनुबाईनं 'बंद' ऐकलं. तिचा बाप अर्धांगानंच गेला होता. त्याच्या तोंडात तिनं चमच्यानं पाणी घातलं होतं. 'अर्धं अंग' म्हटल्यावर बाईला पुढचं-मागचं काय ऐकू येणार!

घरात माणसं दोनच. लेक फौजेत, सून त्याच्याबरोबर. मेजर म्हणाले, "तू कशाला जिवाला तरास करून घेतीस? तुझ्यापुरतं मिठाचं कर की."

"एका घरात दोन चवी कशाला? तुमच्याम्होरं मी खर्डा खाऊ? घास उतरंल व्हय माझ्या?"

त्याच दिवशी तिनं लोणच्याच्या बरण्या उचलल्या, त्यांच्या तोंडाला आपल्या जुन्या लुगड्याचे फडके बांधले आणि शेजारच्या वाडीत नणंदेकडं, हरणाबाईकडं, पोचत्या केल्या. घरात असलं की त्याच्यावर जीव जातो, मग नकोच ते. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती लोणचं घालायची ते नणंदेसाठीच. खार कालवायची, पण बोट चाटायची नाही. मेजर शेजारी बसून सांगायचे, "आक्काला जरा जास्तीचं घाल गं." बहिणीवर किती माया, म्हणून हिला कौतुक! भोळी ती भोळीच.

मेजर रोज सकाळी पांढरे बूट घालून चालायला निघायचे. मनुबाई दारातून बघत राहायची. माणूस ऐकतोय, याचंच तिला सुख.

पण बीपी काही उतरेना. मॅडमनी गोळी वाढवली, तरी उतरेना. शेवटी त्यांनी विचारलं, "मेजर, घरात मीठ खरंच कमी केलंय ना?"

मेजरांनी फक्त बायकोकडं बघितलं.

मॅडमनीही मग तिच्याकडंच बघितलं. "मावशी, हात जरा आवरा. माणूस हातचा जाईल."

मनुबाईला वाटलं, भुई दुभंगावी आणि आपण आत जावं. घरी येऊन तिनं भाकरीच्या पिठात नावाला पडायची ती चिमूटही बंद केली. मिठाची बरणी धुऊन पालथी घातली. ताक फिकं, पिठलं फिकं. मिळमिळीत घास गिळताना पहिल्या-पहिल्यांदा डोळ्यांत पाणी यायचं, पुढं तेही येईनासं झालं. कामाला उठवेना, तरी एकच घोर, आपल्या हातातच खोट हाय का?

परवा सकाळी मेजर गोळी न घेताच निघून गेले. गोळी पदराच्या गाठीला बांधून मनुबाई मागं धावली. कालव्यावर जनावरं धुणारा गडी म्हणाला, "मेजर? ते रोजच्यागत वाडीला गेलं की."

रोजच्यागत! ती तशीच वाडीला गेली.

हरणाबाईच्या सोप्यात मेजर मांडी घालून बसले होते. ताटात भाकरी, खर्डा, लोणच्याची फोड. शेजारी उघडी बरणी आणि बरणीजवळ लुगड्याचा फडका. हिच्याच लुगड्याचा. हिच्याच हातचं लोणचं.

घास मेजरांच्या हातातच राहिला. हरणाबाई मात्र वरमली नाही. "बघतीस काय? वाळून कोळ झाला हुता माझा भाऊ. घरात खायाजोगं काय मिळत न्हाई म्हनून रोज सांगतो. तू त्याला उपाशी मारायला निघालीस व्हय गं?"

"रोज सांगत्यात?" मनुबाईनं विचारलं.

"साऱ्या वाडीला ठावं हाय."

मेजर चाचरत म्हणाले, "आगं, एवढीशीच फोड खातो..."

"फोडीचं न्हाई वो," मनुबाई म्हणाली. "डाक्टरीणबाईम्होरं माझ्याकडं का बघितलंत?"

मेजरांनी नजर ताटात घातली. लाज वाटायला हवी होती, ती वाटली की नाही, देव जाणे. तिनं गाठ सोडली, गोळी ताटाजवळ ठेवली आणि घरी आली.

संध्याकाळी तिनं पालथी बरणी सुलटी करून मीठ भरलं. दोन पातेली चढवली. वांग्याची एक भाजी अळणी, दुसरी तिच्या जुन्या हाताची. सोबत ठेचून खर्डा. मेजर मान खाली घालून पाटावर बसले. तिनं त्यांना अळणी वाढलं आणि समोरच स्वतःला दुसऱ्या पातेल्यातलं वाढून घेतलं. आज ती त्यांच्यासमोर खाणार होती. त्यांना बघायला लावणार होती.

पहिला घास तोंडात गेला आणि तिनं तोंड वाकडं केलं. पाणी प्याली, पुन्हा घास घेतला. जीभ चरचरली. नुसत्या वासावर मीठ सांगणारी बाई ती, तिनं चुकून जास्त थोडंच घातलं असेल! मेजरांनी हळूच तिच्या ताटातल्या भाजीला बोट लावून चाखलं. मीठ बेतानं होतं.

मनुबाई उठली, भाजी परत पातेल्यात ओतली आणि अळणीतलं वाढून घेतलं. मेजरांचे डोळे भरून आले. "मनू, आजून माझ्यासाठी..."

"तुमच्यासाठी न्हाई," ती म्हणाली. "मला आता दुसरं खाताच येत न्हाई."