कार्ड सुपरवायझरकडे

चौकशीच्या खोलीत एका बाईने मला विचारलेला पहिला प्रश्न आजही कानात आहे. "साहेब, मला कामावरनं काढणार का?" पोलीस ठाण्यात आणलेला माणूस अटकेला घाबरतो. ही नोकरीची काळजी करत होती, म्हणूनच मला तिचा दाट संशय आला.

प्रकरण सुरू झाले ते पिंपळे सौदागरच्या एका संगणक अभियंत्याच्या तक्रारीवरून. घरबसल्या हॉटेलांना चांगले शेरे द्यायचे आणि पैसे कमवायचे, असे काम त्याला मोबाइलवर आले होते. आधी थोडे पैसे मिळाले. मग 'अमुक भरा, दुप्पट घ्या' सुरू झाले आणि बहिणीच्या लग्नासाठी साठवलेले सगळे गेले. चांगला शिकलेला मुलगा, पण लोभापुढे शिक्षणाचे काही चालत नाही. त्याचे पैसे ज्या खात्यात गेले, ते चाकणजवळच्या गावातल्या या बाईच्या नावावर होते.

महिला अंमलदाराला शेजारी बसवून मी विचारपूस सुरू केली.

"बाई, हे खातं तुमचं ना?"

"नाव माझं हाय. पण खातं कंपनीचं, पगाराचं."

"कार्ड कुठंय?"

"सुपरवायझरकडं. खात्याला जोडल्यालं सिमकार्ड बी त्यांच्याकडंच. म्हैन्याला रोख आणून देत्यात."

काम काय, तर मोबाइलवर व्हिडिओ बघून लाइकचा अंगठा दाबायचा. सासू अंथरुणाला खिळलेली, घर सोडता येत नाही, म्हणून हे काम धरलेले. इतकी साळसूद उत्तरे कोणी पढवल्याशिवाय येत नाहीत, असे मला वाटले. मी आवाज चढवला. "स्वतःचं कार्ड परक्याच्या हातात कोण देतं?"

तिला माझ्या प्रश्नाचेच नवल वाटले. "सगळीच देत्यात की. आमच्या ह्यांचं कार्ड कॉन्ट्रॅक्टरकडंच असतंय. तो पैसं काढतो, आपलं कापून घेतो आन् उरल्यालं हातावर ठेवतो."

मी आवाज खाली आणला. कंत्राटी कामगारांची कार्डे दाबून ठेवणारे ठेकेदार या पट्ट्यात आहेत, हे मला ठाऊक होते. जिथे खरी नोकरीच अशी मिळते, तिथे खोटी ओळखायची कशी? तरी माझा संशय पुरता गेला नव्हता. तिला आरोपी करायचे की साक्षीदार, हे ठरायचे होते. आरोपी केली असती, तर नवरा शिफ्टला गेल्यावर त्या म्हातारीला पाणी द्यायलाही घरात कोणी उरले नसते.

तिला सारा प्रकार समजावून सांगितला. ऐकताना तिचा चेहरा उतरला. खाते आम्ही गोठवले होते, म्हणजे टोळीला आता नवे खाते हवे असणार. मी तिला माझ्यासमोर सुपरवायझरला फोन लावून जावेसाठी काम मागायला सांगितले, स्पीकर सुरू ठेवून. एखादा इशाऱ्याचा शब्द टाकते का, याकडे माझे लक्ष होते.

"दादा, माझ्या जावंला बी काम पायजे. पर ती चौथीच शिकलीय, चालंल का?"

"शिक्षण कोण विचारतंय, वहिनी? आधार, पॅन आहे ना? बास झालं. उद्या येतो."

चौथीचे मी तिला शिकवले नव्हते, ते तिचे तिला सुचले. त्याच्या उत्तराने मात्र माझा संशय तिच्यावरून उठला आणि जिथे बसायला हवा तिथे बसला. माणसाला काय येते हे न विचारता जो नुसते कागद मागतो, त्याला काम द्यायचेच नसते.

दुसऱ्या दिवशी तिच्या गावच्या चौकातल्या चहाच्या टपरीवर साध्या वेशात सापळा लावला. तो आला. गळ्यात ओळखपत्र, बोलणे गुळासारखे. पंचांसमोर झडती घेतली, तर पिशवीत रबर लावून ठेवलेली कार्डे आणि सिम निघाली. पूर्वी तो एका लेबर कॉन्ट्रॅक्टरकडे कारकून होता आणि ही विद्या तिथेच शिकला होता. त्याच्या मागून पुढची साखळी हाती आली. अभियंत्याचे थोडेफार पैसे परत मिळाले आणि बाई साक्षीदार झाली.

जबाबावर सही करून उठताना ती म्हणाली, "मग आमच्या ह्यांचं कार्ड बी मागून घ्यायला पायजे."

"घ्याच," मी म्हणालो.

काही दिवसांनी ती पुन्हा ठाण्यात आली. कॉन्ट्रॅक्टरने कामावरून काढायची धमकी दिली होती, तरी नवऱ्याने कार्ड सोडवून आणले होते. तिने ते पदराआडून काढून मला दाखवले. मी कौतुकाने हात पुढे केला, तशी तिने मूठ मिटली.

"न्हाई साहेब. लांबनंच बघा."

माझ्यावर कोणी संशय घेतल्याचा आनंद साऱ्या नोकरीत मला त्या एकदाच झाला.