पळसाचं लॅटिन नाव

“बाई, तो शब्द उद्या इन्स्पेक्टरसाहेबांच्या कानावर गेला, तर तुमचं कन्फर्मेशन विसरा,” दार लोटून घेत हेडमास्तर म्हणाले.

मी तेव्हा रिसोडच्या हायस्कुलात सायन्स शिकवत होते. नोकरी प्रोबेशनवर, म्हणजे अजून पक्की व्हायची होती.

तो शब्द म्हणजे पळसाचं लॅटिन नाव. मुलांनो, प्रत्येक झाडाला असं दोन शब्दांचं नाव असतं. पहिला शब्द आडनावासारखा, दुसरा त्याचा स्वतःचा. पळस तेव्हा ‘ब्यूटिया फ्रोंडोसा’ होता. नागपूरच्या कॉलेजात मी तसंच शिकले. माझ्या वर्गात त्याचं ‘बुट्या’ झालं. हेडमास्तर माझ्या खांद्याला लागत आणि सगळी शाळा त्यांना पाठीमागे बुट्या म्हणे. हे त्यांना ठाऊक होतं.

शाळा सुटल्यावर मी वर्गाला थांबवून घेतलं. पुंडलिक पहिल्या बाकावरचा.

“म्हण, ब्यू.”

“ब्यू.”

“ब्यूटिया.”

“बुट्या.”

“पुन्हा.”

“जीभच वयत नाई बाई. पयस म्हनलं तं चालत नाई काय?”

शेवटी मी पळसच वगळला. टेबलावर तुळस, धोतरा आणि कापूस मांडला.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरसाहेब जीपमधून उतरले ते हातात पळसाची फांदी घेऊनच. वाशिमचा रस्ता त्या दिवसांत नुसता केशरी असतो. साहेब मद्रासकडचे. टेबलाकडे न बघता त्यांनी फांदी पुंडलिकसमोर धरली.

“लॅटिन नेम?”

पुंडलिकनं माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांशेजारी उभ्या हेडमास्तरांकडे. मग डोळे मिटले.

“बुट्या, सर.”

वर्ग फिसकन हसला. माझी नोकरी गेली, असं मी धरूनच चालले.

“करेक्ट,” साहेब म्हणाले. “बुटिया. लॅटिन में यू का उच्चार ऊ. ब्यूटिया तो अंग्रेज लोग बोलते हैं.” मग हेडमास्तरांकडे वळून, “लेकिन ये बच्चे हँसते क्यों हैं?”

हेडमास्तरांनी टोपी नीट केली. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं.

“बॉटनी की बहुत आवड है, सर.”

“व्हेरी गुड. सब मिलके बोलो.”

सगळे मिळून बोलले. इतक्या उत्साहानं त्या वर्गानं पाढेसुद्धा कधी म्हटले नव्हते. पलीकडच्या वर्गालाही ऐकू गेलं असावं, कारण कुणी न सांगता तिथूनही तोच शब्द आला. हेडमास्तर खिडकीबाहेर बघत राहिले.

रिपोर्टमध्ये साहेबांनी लॅटिन उच्चारांची खास तारीफ केली. कन्फर्मेशनच्या कागदावर हेडमास्तरांना सही करावी लागली.

“अभिनंदन, बाई,” कागद पुढे सरकवत ते म्हणाले. “आता वर्गात पळस म्हणत चला.”

लॅटिन कुणाचीच मायबोली नाही, त्यामुळे तिथे ज्याचा त्याचा उच्चार खपून जातो. तुमच्याकडच्या बागेत झाडांवर अशा पाट्या असतील. खुशाल मोठ्यानं वाचा. फक्त आधी शेजारी कोण उभं आहे, ते बघून घ्या.