शुभेच्छुकांसह वेबसाइट

कारखाना बंद पडला तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो. यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं कॉम्प्युटरवर काढणं, एवढी एकच विद्या हाताशी. पुण्यात नोकरी मिळत होती. पण बायको जवळच्या कळंब्याच्या शाळेत शिक्षिका, पोरगी दहावीला, म्हणजे मी एकट्यानंच जाऊन खोली घ्यायची. आणि जन्म गेला ती शिवाजी पेठ सोडायची माझी तयारी नव्हती. शेवटी घरात ठरलं, दिवाळीपर्यंत घरी बसून बाहेरगावचं काम मिळालं तर ठीक, नाहीतर पुणे.

त्यासाठी वेबसाइट पाहिजे, असं जो तो सांगत होता. गावात नुकतंच घरोघरी इंटरनेट येऊ लागलं होतं. आमच्या तालमीतला, म्हणजे पेठेतल्या मंडळातला, एक मित्र फ्लेक्स छापायचा. चौकाचौकांतले वाढदिवसाचे बोर्ड त्याचेच. तो वेबसाइट करायलाही शिकला होता. "तू निवांत ऱ्हा, मी बघतो," म्हणाला. मी ड्रॉइंगं त्याच्या ताब्यात दिली आणि एका किरकोळ कामासाठी आठवडाभर वारणानगरला गेलो. तिथंच चुकलं.

परत येऊन बघतो तर पडदाभर मीच. डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाइल, मागं उगवता सूर्य. माझ्या नावाआधी 'यंत्रसम्राट'. खाली ठळक अक्षरांत 'शुभेच्छुक' आणि त्याखाली अख्खी तालीम, एकेकाचा चेहरा गोलात, शेजारी मोबाइल नंबर. दूधवाला, भेळवाला, फुटबॉलचा गोलकीपर, कुणी म्हणून सुटलं नव्हतं. माझी ड्रॉइंगं कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी.

"अरं, ही वेबसाइट हाय का वाढदिवस?" मी ओरडलो.

"माणसाच्या मागं माणसं दिसाय नकोत व्हय? एकट्याला कोण इचारतंय?"

"काढ ते सगळं."

"मी न्हाय काढत. इस्त्रीची कापडं घालून स्टुडिओत जाऊन आल्यात सगळी. तूच सांग जा एकेकाला."

मला त्याच चौकात राहायचं होतं. फोटो राहिले. मी धुसफुसत होतो, तरी दिसेल त्या कारखान्याला साइटचा पत्ता पाठवत होतो.

दिवाळी तोंडावर आली आणि पुण्याच्या एका कारखान्यातल्या साहेबांचा फोन आला.

"काम बरंच मोठं आहे. तुमचा स्टाफही मोठा दिसतोय."

"स्टाफ नाही साहेब. मी एकटाच आहे. ते माझे मित्र."

"मग त्यांचे नंबर कशाला दिलेत?"

"शुभेच्छुक आहेत ते," मी म्हणालो. "कळवतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला. काम गेलं, असं मी धरूनच चाललो. त्या संध्याकाळी बायकोनं पुण्याला न्यायची चार भांडी बाजूला काढली आणि मी फ्लेक्सवाल्याला मनातल्या मनात लाखोली वाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कट्ट्यावर दूध प्यायला गेलो; आमच्याकडं तिथं म्हैस आणून गिऱ्हाइकासमोरच धार काढून देतात. म्हशीची धार काढता काढता दूधवाला मित्र म्हणाला, "पुण्यासनं फोन आलता मला. तुझं इचारत हुते."

"काय सांगितलंस?"

"खरं हाय ते. माणूस तापट हाय म्हटलं. माझ्या गोठ्याचा नकाशा काढून दिलता, मी सारखा बदलाय लावला, दर येळंला शिव्या घातल्या त्यानं. पण मनासारखा झाल्याबिगर सोडला न्हाय."

मी कपाळाला हात लावला. दूध न पिताच घरी आलो.

दुपारी साहेबांचा फोन. "आमचा आधीचा माणूस फार गोड बोलायचा आणि काम अर्ध्यात सोडायचा. तुमच्या दूधवाल्यांनी सांगितलंय, तुम्ही शिव्या द्याल पण काम पुरं कराल. ड्रॉइंगं पाठवतोय."

मी तसाच कट्ट्यावर पळालो. काम मिळाल्याचं सांगितलं आणि आनंदातही त्याच्यावर डाफरलोच, "पण एवढं खरं सांगायची काय गरज होती? बिघडलं असतं म्हणजे?"

"ग्वाड बोलून काम मिळालं असतं रं. चार दिसांत तू त्यांच्यावर खवळला असतास, त्यांनी काम काढून घेतलं असतं. मग गेलाच असतास की पुण्याला." चरवी खाली ठेवून त्यानं मान वर केली. "आता जात न्हाईस न्हवं?"

एरवी एका शब्दाला चार शब्द सुनावणारा मी. त्या वेळी "न्हाय जात," एवढंच म्हणालो आणि सकाळचं राहिलेलं दूध प्यायला कट्ट्यावर बसलो.