कोपरापर्यंत नीळ

माझी अन्नपूर्णाआत्या वीस वर्षं दातओठ खात जगली. क्षमेची थोरवी मला कुणी सांगू नये.

आम्ही म्हैसूरचे रंगारी. प्लेगात आठवड्याभरात आत्याचे आईबाप गेले. तिचे काका, म्हणजे माझे आजोबा गुंडेराव, बन्नूरला प्लेगच्या नाकेबंदीत अडकलेले. नऊ वर्षांच्या पोरीला गोऱ्यांच्या अनाथाश्रमात टाकलं. तिथल्या मुख्य गोऱ्या बाईला सगळे दोरसानी, म्हणजे मडम, म्हणत. निमगोऱ्या मुलींना खाट आणि पाव, काळ्या मुलींना फरशी आणि उष्टं.

आत्याचे हात निळीनं कोपरापर्यंत रंगलेले होते. रंगाऱ्याच्या घरात पोरांचेही हात तसेच. दोरसानी म्हणाली, ही काळ्यांची घाण. रोज सकाळी विटेनं हात घासायला लावायची, रक्त येईपर्यंत. नीळ गेली, कातडंही गेलं. दोन वर्षांनी आजोबांनी शोधून घरी आणलं, तेव्हा हातांवर नुसते वण होते.

वीस वर्षांनी नजरबादेतल्या आमच्या दुकानात तीच दोरसानी आली. दसऱ्याच्या दरबारासाठी कोपरापर्यंतचे रेशमी हातमोजे गर्द निळे करून हवे होते. तिनं आत्याला ओळखलं नाही. आत्यानं पायरीवरच ओळखलं.

आमच्याकडं रंगवलेलं कापड वाहत्या पाण्यात धुतात, वाळलं की पांढऱ्या फडक्यानं घासून बघतात. फडक्याला डाग लागला तर ते कापड उंबऱ्याबाहेर जात नाही. आत्यानं मोजे निळीत सात वेळा बुडवले आणि न धुताच वाळवले. आजोबांनी फडकं घासलं. निळंशार झालं.

"बेड, नको, अन्नू! रंग सुटला तर घराण्याचं नाव जातंय की गं."

"जाऊ दे, काका. माझं कातडं गेलं तेव्हा कुणाचं नाव गेलं?"

आजोबा तिच्या हातांकडं बघत राहिले. मग त्यांनीच मोजे कागदात बांधले.

दरबारात उकाडा मरणाचा. मेजवानीला दोरसानीनं मोजे काढले आणि सगळे गोरे खो खो हसले. दुसऱ्या दिवशी ती टांग्यातून आली, हात कोपरापर्यंत निळे.

"ही घाण निघणार कशानं?" ती ओरडली.

आत्यानं बाह्या सारून हात पुढं केले. दोरसानीनं वण पाहिले, मग आत्याचं तोंड पाहिलं. आता तिनं ओळखलं. ती मागं फिरून टांग्यात जाऊन बसली.

आत्या मागोमाग गेली आणि तिच्या मांडीवर वीट ठेवली.

"रोज सकाळी घासा, अम्मा."