पानं बांधणारे अंकल

सिंगापूरला शिकायला आल्यावर मी सुट्टीत एका प्राणिसंग्रहालयात काम करायचो. तिथे झाडावर राहणारी एक म्हातारी कांगारू होती. तिला सांभाळणाऱ्या मलय अंकलना नाव विचारायलाही मी बुजायचो. ते रोज उंच फांदीला ताजी पानं बांधायचे, पण दर आठवड्याला वीतभर खाली.

“खाली का, अंकल?”

“चढवत नाही तिला. न्यू गिनीच्या जंगलात असल्या कांगारू झाडांवरच राहतात, पानं खातात. झाडं तुटली की जमिनीवर उतरतात आणि शिकारी कुत्र्यांना सापडतात, लाह,” ते सिंगापुरी ढंगात म्हणाले.

एका सकाळी त्यांनी पानं जमिनीवरच ठेवली. ती खुरडत आली आणि खाऊ लागली.

“अंकल, खातेय ती!” मी आनंदाने ओरडलो.

अंकलनी तोंड फिरवलं. “जमिनीवर बघवत नाही तिला,” म्हणाले.

त्या आनंदाची मला अजून लाज वाटते.