तंजावूरची छाती, पापनाशमचं अर्धांग

ई.सी.जी. काढताना पेशंटला हलू द्यायचं नाही, बोलू द्यायचं नाही. तेवढा वेळ माणूस मुकाट पडून असतो आणि तारा काढल्या की जो बोलायला लागतो तो थांबत नाही. अशा तारा काढता काढता माझ्याकडे किस्से साठत गेले. कोणाला कोणती गोळी दिली ते आता आठवत नाही, पण कोण कोणावर जळत होतं ते पक्कं लक्षात आहे. आमच्याकडे येणाऱ्या माणसाला आपल्या छातीपेक्षा शेजाऱ्याच्या छातीची चौकशी जास्त असायची.

नर्सिंग होम तंजावुरात, बस स्टँडपासून चालत जाण्याइतकं. मालक डॉक्टर राजगोपाल, मी त्यांची असिस्टंट. मी तिथलीच, तंजावरी मराठी घरातली. डॉक्टरकी मिरजेला शिकले म्हणून हे असं पुस्तकी मराठी लिहू शकते. पेशंट बोलायचे तमिळ, मी तुम्हाला मराठीत सांगतेय एवढंच. काळ नव्वदीनंतरचा. शहरात सायकली जाऊन मोपेड येत होत्या, घरोघरी केबल आली होती, आणि जी मंडळी संध्याकाळी मोठ्या देवळापर्यंत चालत जायची ती आता टीव्हीसमोर मुरुक्कू, म्हणजे तिकडच्या चकल्या, खात बसायची.

*

सरांनी कन्सल्टिंग रूममध्ये जिल्ह्याचा नकाशा लावला होता. हार्ट अ‍ॅटॅकचा पेशंट आला की त्याच्या गावावर लाल टाचणी, लकव्याचा आला की निळी. तंजावूर शहर लालभडक झालं होतं. पापनाशमच्या बाजूला, कालव्यांच्या कडेच्या गावांवर निळ्या जास्त. काही गावं मात्र कोरीच होती.

अशाच एका कोऱ्या गावचे मोठे जमीनदार एकदा गुडघा दाखवायला आले. गुडघा राहिला बाजूला, ते नकाशासमोर उभे राहिले.

"कालव्यापलीकडच्या गावाला एवढ्या टाचण्या, आणि आम्हाला एकही नाही?"

"अहो, या आजाराच्या टाचण्या आहेत," सर म्हणाले. "तुमच्याकडून कोणी आजारी आलं नाही. चांगलंच आहे."

"आलं नाही म्हणजे झालं नाही का? माझा चुलता बांधावर बसल्या बसल्या गेला. समोरच्या घरातला म्हातारा अंगणात पडला तो उठलाच नाही. आम्ही म्हटलं वायू धरला. त्यांची टाचणी कुठे आहे?"

नकाशा आजाऱ्यांचा नव्हता, दवाखान्यापर्यंत पोचलेल्यांचा होता. त्या वर्षीच्या पोंगलनंतर आम्ही दर महिन्याला त्या गावात जाऊन लोकांचं बी.पी. तपासायला लागलो. शाळेच्या ओट्यावर बसायचो. निम्म्या लोकांनी जन्मात कधी दंडाला तो पट्टा बांधून घेतलेला नव्हता.

दुसऱ्याच महिन्यात कालव्यापलीकडची चार माणसं दवाखान्यात हजर. त्यांच्याकडे डॉक्टर जातात, आमच्याकडे का नाही?

सर म्हणाले, "तिथे आजवर कोणी पाहिलंच नव्हतं, म्हणून."

त्यांचा म्होरक्या चिडून म्हणाला, "आणि आम्हाला काय कमी लकवे झालेत?"

*

आमच्याकडे पोक्त बायकांना मामीच म्हणतात. अशा दोन मामी आमच्या वेटिंग रूममध्ये शेजारी शेजारी बसायच्या. कामाक्षी मामींचा मुलगा न्यू जर्सीत, पट्टम्मा मामींचा इथेच, खताच्या एजन्सीत. दोघंही ऐन चाळिशीतले, आणि एकाच वर्षी दोघांच्याही हृदयाच्या नळीत अडथळा निघाला. दोघंही बचावले. पण कामाक्षी मामींना हे बरोबरीचं प्रकरण मान्य नव्हतं.

"आमच्या मुलाचा ब्लॉक निराळा," त्या सगळ्या वेटिंग रूमला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "तो तिकडच्या हवेनं, तिकडच्या टेन्शननं झालाय. तुमच्या मुलाचा सांबार-भातानं."

पट्टम्मा मामींचा चेहरा पडला. मुलगा परदेशी गेला नाही तर नाही, निदान आजार तरी तिकडच्यासारखा असावा, असं त्यांना वाटलं असणार. त्या हळूच म्हणाल्या, "आमचा पण खूप टेन्शनमध्ये असतो. खताचे भाव बघा ना."

सर दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "दोघांपैकी सिगरेट कोण ओढतो?"

दोन्ही मामींनी एकदमच पर्स उघडून त्यात काहीतरी शोधायला सुरुवात केली.

*

स्टेला आमची नर्स. तिनं बी.पी. घेतलं की कमी यायचं आणि मी घेतलं की जास्त. आवाज मऊ, हात गार, हसणं भरपूर. खरं सांगायचं तर मला ते खटकायचं. पण माझ्यापेक्षा जास्त खटकायचं रखुमाई मामींना.

त्यांचे यजमान रामाराव मामा, निवृत्त हेडमास्तर, आमच्याच नात्यातले. स्टेलाच्या हातून मामांचं बी.पी. तरण्या माणसासारखं यायचं. मामी एकदा टेबलाशी उभ्या राहून हे पाहत होत्या. घरी गेल्यावर त्यांनी मद्रासच्या भाच्याकडून बी.पी.चं यंत्र मागवलं, माझ्याकडून ते वापरायला शिकल्या आणि घरी रोज स्वतः मोजायला लागल्या. घरी रोज जास्त. आठवडाभर जास्त.

"ती सटवी काय करते ते मला सांग," त्या मला म्हणाल्या. "तिच्यापाशी गेलं की उतरतं कसं?"

मला वाटलं पट्टा चुकीचा बांधत असतील. म्हणून संध्याकाळी घरी गेले. मामा खुर्चीत बसले. मामींनी पट्टा अगदी नीट बांधला, स्टेथो नीट लावला, फुगा दाबायला सुरुवात केली आणि पारा वर चढत असताना शांतपणे विचारलं, "ती तुमची कुंभकोणमची ड्रॉइंग टीचर, अजून तुम्हांस पत्र पाठवते काय?"

पारा उतरायला तयारच होईना.

"मामी, मोजताना बोलायचं नसतं," मी म्हणाले.

"मग पुसू केव्हा?" मामी म्हणाल्या. "एरवी हे एका जागी बसतात कुठे?"

*

वैद्यनाथन बँकेत ऑफिसर, तंजावुरात राहणारा. त्याचा थोरला भाऊ सुंदरम पापनाशमजवळच्या गावात, घरची भातशेती बघणारा. धाकट्याला अ‍ॅटॅक आला तेव्हा थोरला रात्रीच्या गाडीनं आला आणि कॉटशेजारी बसून राहिला. सेवा मनापासून करायचा, पण बोलणं ऐकवत नसे.

"चिखलात आयुष्य गेलं माझं. याला पंखा, स्कूटर, दुपारची कॉफी जागेवर. आता आजार आला तोही मशिनवाला. बघायला मॅनेजर येतो, फळं येतात."

मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही सायकल चालवता, शेतात राबता, म्हणून तुमचं हृदय चांगलं आहे. पण बी.पी. बघून जा." त्यानं दंड काही पुढे केला नाही. धाकटा जिथे पेशंट तिथेच फुकटचा पट्टा बांधून घेणं त्याला कमीपणाचं वाटलं.

सुगीच्या दिवसांत सुंदरमला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणला. डावा हात-पाय गेलेला, तोंड वाकडं. पहाटे पडला होता आणि गावातून शहरात पोचेपर्यंत दुपार झाली होती. धाकटा बँकेतून धावत आला. भावाचा लुळा हात हातात घेऊन तो रडायला लागला. "अण्णा, मी तुला इथेच आणून ठेवायला हवं होतं."

सुंदरमनं वाकड्या तोंडानं कसेबसे शब्द जुळवले. "मॅनेजरला सांग. माझं मोठं आहे."

काही महिन्यांनी तो काठी घेऊन चालायला लागला. सरांनी दोघांना एकत्र बसवून सांगितलं की शहरातल्या भावाची छाती काय आणि खेड्यातल्या भावाचा हात काय, दोन्हींच्या मागे हेच न मोजलेलं बी.पी. होतं. दोघांनाही ते पटलं नाही. पण तेव्हापासून दोघं एकाच दिवशी तपासायला यायला लागले. स्टेला पट्टा सोडायची, आणि प्रत्येक जण पहिलं विचारायचा ते दुसऱ्याचं किती आलं.

*

आणि हा शेवटचा. सर गेले तरी स्टेला नि मी भेटलो की हा निघतोच.

त्रिभुज प्रदेशातल्या एका मोठ्या जमीनदाराला आमच्याकडे आणलं. नाव नको. त्याला दोन बायका होत्या, आणि ही गोष्ट गावाला, शहराला, सगळ्यांना माहीत होती. थोरली गावात, धाकटी तंजावुरात. पंधरवडा इथे, पंधरवडा तिथे, असा त्याचा वर्षानुवर्षांचा रिवाज. धाकटीच्या घरून गावाला जायला निघाला आणि बसमध्येच कोसळला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली.

दोघी दवाखान्यात आल्या आणि व्हरांड्यातल्या एकाच बाकाच्या दोन टोकांना बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या जवळ आल्या असतील.

सरांनी खाण्यापिण्याचं विचारलं. थोरली म्हणाली, "शहरात तूप, तळण आणि बसून राहणं. माझ्याकडे होते तोवर त्यांना काही झालं नाही." धाकटी म्हणाली, "गावात रात्रीचा पाण्यातला भात, त्यावर मूठभर मीठ, लोणचं आणि सांडगी मिरच्या. मीच पंधरा दिवस ते मीठ उतरवत होते." सर म्हणाले, दोघींचंही बरोबर आहे. त्यामुळे दोघींनाही राग आला.

जिवावरचं टळलं तेव्हा त्या दोघींसमोर एकच प्रश्न उरला. वाचा परत आली तर पहिलं नाव कुणाचं निघणार? थोरली पहाटेपासून कॉटशी बसायची, कारण माणूस सकाळी ताजा असतो. धाकटी संध्याकाळी. दोघींच्या घरून कॉफीचे फ्लास्क यायचे. दोघी त्याच्या ओठांकडे बघत राहायच्या. मी मात्र त्याच्या डोळ्यांकडे बघायची. त्यात नुसती भीती होती.

मग एके दुपारी खोलीत कोणी नसताना मी त्याची नाडी बघत होते. तो अगदी हळू, जड जिभेनं, पण स्पष्ट म्हणाला, "डॉक्टरम्मा."

मी दचकले. "तुम्हाला बोलता येतंय?"

त्यानं दाराकडे पाहिलं. "अजून काही दिवस येत नाही म्हणून सांगाल का?"

मी त्याचा हात खाली ठेवून बाहेर आले. दोघी बाकावरून एकदमच उठल्या. थोरलीनं विचारलं, "बोलले का काही?"

मी तोंड उघडायच्या आत धाकटी म्हणाली, "डॉक्टरांना कशाला खोटं बोलायला लावता, अक्का? काल मी दाराबाहेर उभी होते. हे नर्सला सांगत होते, कॉफी पाणचट आहे."

थोरली हळूच बाकावर बसली. मग तिनं विचारलं, "काल फ्लास्क कुणाचा होता?"