खळीची साडी

राजश्री वासनिक आणि ऋजुता यांची पहिली भेट झाली त्या दिवशी लंडनच्या ईलिंगवर इस्त्रीची एवढी वाफ साचली, की हीथ्रोची विमानं बर्मिंगहॅमला वळवावी लागली, असं तिथल्या फिल्म स्टुडिओतले लोक सांगतात. वाफेतून आधी इस्त्री बाहेर आली, मग राजश्री. "कपड्याला हात लावायच्या आधी हात धू," ती म्हणाली. ऋजुताने धुतले. दोनदा.

राजश्री कॉव्हेंट्रीची, साठीला टेकलेली. चित्रपटांच्या कपडेपटात शिवण आणि इस्त्री तिच्याकडे. ईलिंगमध्येच जन्मलेल्या ऋजुताचं काम नेमकं उलटं: नवे कपडे जुने करायचे. चीजच्या किसणीने कोपर झिजवायचे, चहाने डाग पाडायचे. माणसाच्या आधी त्याचे कपडे बोलतात, हे दोघींनाही मान्य होतं. भांडण झालं ते काय बोलतात यावर.

चित्रपटात नागपूरची चंदाबाई १९६४ साली कॉव्हेंट्री स्टेशनात उतरते. तिच्यासाठी राजश्रीने पांढरी सुती साडी खळ घालून, कडक इस्त्री करून ठेवली होती. सकाळी पाहते तर साडीवर चहाचे ओघळ, काठाला चिखल, आणि नटीच्या गालांना मेकअपवाल्यांनी काजळी फासलेली. नटीही पोक काढून बसलेली.

"हे कोणी केलं?"

"मी, मावशी. तुमचा साडी फार क्लीन होता. ती पुअर आहे ना, स्क्रिप्टमध्ये लिहिलंय."

"गरीब लिहिलंय. घाणेरडी कुठे लिहिलंय?"

मग राजश्रीने तिला फैलावर घेतलं. लुगड्याला ठिगळं असोत, पण ते स्वच्छ हवं, असं बाबासाहेबांनी बायांना बजावलं होतं. राजश्रीच्या आजीने ते तिच्या आईला पढवलं. आई बोटीवर अठरा दिवस दोन साड्यांत राहिली आणि तिसरी उशाखाली घडी करून जपली, कशासाठी? कॉव्हेंट्रीच्या याच स्टेशनात उतरताना नेसायला. "आणि तू तिला चहात बुडवतेस?"

डिझायनरने पास केलंय, ऋजुता पुटपुटली. पास झालेल्या कपड्याला हात लावला की नोकरी जाते, हे राजश्रीला तिच्याहून चांगलं ठाऊक होतं. तरी जेवणाच्या सुट्टीत तिने साडी धुतली, कॅन्टीनमधून भाताची पेज आणून खळ केली आणि इस्त्री फिरवली. साडी नेसताच नटीची मान ताठ झाली. ऋजुताने तिच्या गालांवरची काजळी पुसली.

संध्याकाळी राजश्रीला काढून टाकलं. आता ती कॉव्हेंट्रीत शाळेच्या पँटी आखूड करून देते. चित्रपट नोव्हेंबरात लागला. शूटिंगच्या वेळी स्टेशनात थंडी होती म्हणून चंदाबाईला ऐन वेळी घोट्यापर्यंत ओव्हरकोट घातला होता.